चार महिन्यांचा वारा

साताऱ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, वाऱ्याचा धंदा चार महिन्यांचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि सप्टेंबर सरता सरता सोडून देतो. वर्षभरात जेवढी युनिटं निघतात त्यातली निम्म्याहून बरीच जास्त एवढ्या काळातली. उरलेले आठ महिने पवनचक्कीचं मशीन कधी फिरतं, कधी नुसतंच वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं. हिवाळ्यात सहलीला आलेले लोक हमखास विचारतात, ‘बंद का आहेत हो हे सगळे?’ बंद नसतात. डोंगरावर अंगाला वारा लागला म्हणजे तो जनरेटर ओढेल असं नाही, एवढंच.

मी या कामात आलो तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा दाखला घेऊन. गावातली पोरं मुंबईला जात होती. मला डोंगरावरच काम मिळालं, म्हणून घरचे खूश होते. सातारा सोडलं की सज्जनगडाच्या अंगाने रस्ता चढत जातो, ठोसेघरचा धबधबा मागे पडतो, आणि मग झाडं संपून एकदम मोकळा सडा लागतो. चाळकेवाडी, आणि पुढे पाटणच्या हद्दीत वनकुसवडे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, पायाखाली जांभा, पश्चिमेला कडा आणि कड्याखाली कोयनेचा शिवसागर. महाराष्ट्रात वाऱ्यापासून वीज काढण्याची सुरुवात १९८६ साली रत्नागिरीच्या किनाऱ्यावर झाली, ५५ किलोवॉटच्या लहान मशीनवर. आमचा सडा नव्वदच्या दशकाच्या शेवटी भरू लागला. तेव्हा इथे ३५० किलोवॉटची मशीनं मोठी समजली जात.

कामाला लागल्यावर पहिल्या पावसाळ्यात सिनियरने मला कंट्रोलरच्या स्क्रीनसमोर बसवलं आणि दोनच आकडे बघायला सांगितले, वाऱ्याचा वेग आणि किलोवॉट. वारा सेकंदाला सहा मीटर होता तेव्हा स्क्रीनवर चाळीसेक किलोवॉट दिसत होते. तासाभरात वारा बारावर गेला आणि आकडा सव्वातीनशेच्या पलीकडे. वारा दुप्पट आणि वीज आठपट! पुस्तकात हे वाचलं होतं, वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते म्हणून. पण पुस्तकातलं वाक्य परीक्षेपुरतं असतं. स्क्रीनवर तो आकडा उसळताना पाहिला तेव्हा या धंद्याचं सगळं गणित एका झटक्यात कळलं. कमी वाऱ्याच्या कितीतरी दिवसांची बेरीज करा, जुलैतली एक रात्र त्यावर भारी पडते. ३५० किलोवॉटचं मशीन पूर्ण भाराने चोवीस तास चाललं तर ८,४०० युनिटं देतं. जानेवारीत तेच मशीन एखाद्या दिवशी काहीच देत नाही, उलट स्वतःच्या मोटारी आणि कंट्रोलरसाठी ग्रिडकडून थोडी वीज खातं.

वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही, हेही तिथेच शिकलो. सगळी काढली तर पात्यांच्या मागे वारा थांबेल, आणि मागचा वारा थांबला तर पुढचा येणार कुठून? आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी ही मर्यादा मांडली: ५९.३ टक्के. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी हाती लागतं. त्यात आमचा सडा उंचावर, हवा विरळ. समुद्रकाठी जेवढी जड हवा पात्यांवर आदळते त्याच्यापेक्षा इथली साधारण दहा टक्क्यांनी हलकी. तरी वारा इतका दांडगा की त्या दहा टक्क्यांचं कुणी मनावर घेत नाही.

म्हणून आमची खरी धावपळ फेब्रुवारी ते मे. जूनमध्ये मशीन बंद पडलं तर नुसती दुरुस्ती करून भागत नाही, दर तासाला युनिटं बुडत असतात आणि मालकाच्या अकाउंटंटचा फोन वाजत असतो. शिवाय पावसात वर चढणं अवघड. वारा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की हबमध्ये, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात तिथे, उतरायचं नाही असा नियम, आणि जुलैत तो मर्यादेच्या आत येण्याची वाट बघत टीम दिवस दिवस कंटेनरमध्ये बसून राहते. ज्या वाऱ्यात मशीन कमावतं त्याच वाऱ्यात माणूस वर जाऊ शकत नाही. त्यामुळे जे करायचं ते उन्हाळ्यात. शेतकऱ्याचं जसं सुगीआधी खळं तयार हवं, तसं आमचं.

आमच्याकडे जुने मनोरे जाळीचे होते. लोखंडी नळकांड्याच्या मनोऱ्यात आतून शिडी असते, उन्हाळ्यात आत भट्टी पेटते पण निदान वारा लागत नाही. जाळीच्या मनोऱ्यावर सगळंच उघडं. खाली मशीन बंद करायचं, ब्रेक लावायचा, पॅनेलला कुलूप घालून चावी खिशात टाकायची. मग हार्नेस, फॉल अरेस्टर दोरावर अडकवायचा, एक झटका देऊन बघायचा आणि चढायला लागायचं. नव्या पोरांना वाटतं हातांनी चढायचं असतं. पायांनी चढायचं, हात फक्त धरायला. हातांनी चढणारा अर्ध्यावर थांबतो आणि तिथे त्याला पहिल्यांदा खाली बघावंसं वाटतं.

वर नॅसेलमध्ये, म्हणजे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या खोक्यात, दोघांनी नीट उभं राहावं एवढीही जागा नाही. गिअरबॉक्स, ब्रेकची चकती, जनरेटर, आणि सगळ्यावर तेलाचा आणि तापलेल्या ग्रीसचा वास. मशीन बंद असलं तरी नॅसेल हलत असतं, संथपणे, पायांना कळेल इतकं. पहिलं काम बोल्टांचं. मागच्या वेळी टॉर्क देऊन प्रत्येक बोल्टवर पेंटची एक रेघ मारलेली असते, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या फ्लँजपर्यंत सलग. रेघ सलग असेल तर बोल्ट जागच्या जागी आहे. रेघ तुटलेली दिसली, जराशीही, तर तो बोल्ट फिरला आहे आणि मग शेजारचे सगळे तपासायचे. बॅटरीच्या उजेडात मान वाकडी करून या रेघा बघत जाणं हे कंटाळवाणं काम आहे. नवा मुलगा पहिले दहा बघतो आणि पुढच्या वीसांवर नुसती बॅटरी फिरवतो. म्हणून त्याला त्या कामावर एकट्याला ठेवत नाहीत.

मग गिअरबॉक्सचं तेल. ड्रेन प्लगला चुंबक असतं, त्यावर लोखंडाचा भुगा चिकटून येतो. थोडा भुगा येणारच, दातावर दात घासतोय म्हटल्यावर. तो भुगा अंगठा आणि बोटात चोळून बघायचा. काळी मऊ पेस्ट लागली तर ठीक. त्यात काही टोचलं, उजेडात धरल्यावर चकाकलं, तर तो दाताचा किंवा बेअरिंगचा कपचा आहे आणि या गिअरबॉक्सचा पावसाळा अवघड आहे. तेलाचा नमुना बाटलीत भरून लॅबला पाठवतातच, रिपोर्ट यथावकाश येतो. पण चुंबक पुसताना सिनियर माणसाचा चेहरा बघितला की रिपोर्ट आधीच कळायचा.

पात्यांकडे लोकांचं लक्ष जातं, पण ती किती वेगात फिरतात हे खालून कळत नाही. लांबून सगळं संथ वाटतं. प्रत्यक्षात पात्याचं टोक सेकंदाला साठ-सत्तर मीटर वेगाने जात असतं, म्हणजे ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर. त्या वेगात पावसाचा थेंब आदळला की तो थेंब राहत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की पात्याच्या पुढच्या कडेवरचा रंग उडतो, खाली फायबर उघडं पडतं, आणि कडा खरखरीत झाली की युनिटं घटतात. हात फिरवला तर सॅंडपेपरवर फिरवल्यासारखं लागतं. ती कडा घासून, भरून, रंगवून घेणं हे एप्रिलचं काम, आणि तेही सकाळीच. कारण दुपारनंतर वळवाचे ढग चढायला लागतात. वीज कडाडायच्या आधी, नुसतं लांबवर गडगडलं तरी, सगळ्यांनी खाली. पात्याच्या टोकापासून मनोऱ्याच्या पायापर्यंत वीज उतरवायला तार असते, पण जांभ्याचा कातळ अर्थिंगला चांगला नाही. त्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचे खड्डे तपासून पाणी सोडत बसणं हेही एक काम असतं, ज्याचा फोटो कुणी काढत नाही.

जून लागला की सडा ढगात जातो. दिवसेंदिवस सूर्य नाही. मनोऱ्याच्या पायाशी उभं राहिलं तरी पाती दिसत नाहीत, फक्त आवाज येतो, एकामागून एक तीन. त्या आवाजावरून मशीन बरं आहे की नाही ते ओळखायचं. तीनातला एक आवाज वेगळा आला, शीळ घातल्यासारखा, तर त्या पात्याला काहीतरी झालं आहे. पाऊस आडवा येतो. छत्री ही वस्तू चाळकेवाडीत निरुपयोगी, इरलं अजून चालतं.

आणि नेमकं या दिवसांत ग्रिड जातं. झाडाची फांदी तारेवर येते, इन्सुलेटर ओला होऊन फुटतो, कुठेतरी खांब वाकतो, आणि आमची ३३ केव्हीची लाइन ट्रिप होते. त्या क्षणी तिच्यावरची सगळी मशीनं एकदम थांबतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. एवढा वारा आहे, मशीन ठणठणीत आहे, मग थांबायचं कारण काय? कारण असं की आमची जुनी मशीनं इंडक्शन जनरेटरची. त्यांना वीज तयार करायला आधी चुंबकत्व लागतं आणि ते ग्रिडकडून घ्यावं लागतं. ग्रिड गेलं की ते चुंबकत्व गेलं, आणि तयार होणारी वीज घ्यायलाही कुणी नाही. भार सुटलेलं मशीन वाऱ्यात मोकळं सोडलं तर वेग वाढत जाऊन स्वतःला मोडून घेईल. म्हणून ते स्वतःहून ब्रेक लावून घेतं. लाइन येईपर्यंत आम्ही रेनकोट घालून पेट्रोलिंगला निघतो, खांबामागून खांब, आणि वर तो सगळा फुकटचा वारा नुसता वाहून जातो.

याच्या उलटही होतं, आणि त्याने गावात बोलणी बसतात. गावातली लाइट गेलेली आणि डोक्यावर मशीनं जोरात फिरताहेत. एका श्रावणात कडेच्या वाडीत चहाला थांबलो होतो. घरात अंधार. चुलीपुढची म्हातारी म्हणाली, ‘काय रं बाबा, तुमचं पंखं एवढं गरागरा फिरत्यात, आन् आम्हाला चिमणी लावाय लागतीया. ती वीज जाती तरी कुठं?’

मी सांगायला लागलो. आमची वीज ३३ केव्हीच्या तारेने सबस्टेशनला जाते, तिथून दाब वाढवून पुढे राज्याच्या जाळ्यात. वाडीची वीज दुसऱ्याच सबस्टेशनातून ११ केव्हीच्या फीडरवर खालून वर येते. तुमचा फीडर गेलाय, आमची लाइन चालू आहे. दोन्ही तारा वेगळ्या. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हंजी आमच्या दारावरनं जाती, पर आमच्या घरात येत न्हाई. आसंच ना?’

असंच. विजेच्या दृष्टीने माझं बरोबर होतं, तरी तिच्या म्हणण्यात खोडायला काही नव्हतं. सड्यावरची जमीन सुरुवातीला एजंटांनी पडीक म्हणून घेतली, आणि ज्या भावात घेतली त्या भावाची गोष्ट वाडीत अजून निघते. ज्यांनी विकली त्यांच्यातलेच काही पुढे त्याच जमिनीवरच्या मशीनचे वॉचमन झाले. रात्री केबलचोर येतात, तांब्यासाठी. तेव्हा हातात बॅटरी आणि काठी घेऊन हीच माणसं उभी. पगार ठेकेदाराकडून, आणि तो कोणत्या महिन्यात हातात येईल याचा नेम नसे. गावात दिवा लागला नाही तर निदान रस्ता तरी झाला, असं आमचे साहेब म्हणत. रस्ता झाला हे खरं. क्रेन वर न्यायची होती.

पावसाबद्दलची भांडणं मात्र वेगळी. पंखे ढग पळवतात ही समजूत २००३ च्या दुष्काळात फार पसरली होती, सांगलीकडे, धुळ्याकडे, आमच्याकडेही. पवनचक्क्या बंद करा म्हणून माणसं साइटवर येत. आमच्या सड्यावर याला उत्तर देणं जरा अवघडच, कारण इथे ढग खरोखरच पात्यांतून जातो, डोळ्यांना दिसतं. ‘बघा की, कापतोय!’ पाऊस देणारा ढग किलोमीटरच्या किलोमीटर उंच असतो, पात्यांच्या वाट्याला त्याची तळाची किनार येते, आणि पात्यांच्या वाऱ्याने ढगातलं पाणी कुठे जात नाही, हे सांगून पाहिलं. माण-खटावात पाऊस कमी पडतो कारण सह्याद्रीने आधीच अडवून घेतलेला असतो, मशीनं यायच्या शेकडो वर्षं आधीपासून. मी एकदा माणमधल्या एका पाहुण्याला विचारलं, ‘काका, बहात्तरच्या दुष्काळात कुठे होते पंखे?’ ते म्हणाले, ‘बहात्तरला खायाला न्हवतं, पर हिरीत पाणी हुतं. आता खायाला हाय, हिरीत पाणी न्हाई. कायतरी बदललंयच की.’ बदललं होतं ते जमिनीखाली, बोअरवेलांनी. पण बोअर आपल्याच शेतातली असते आणि पंखा मुंबईच्या माणसाचा.

पावसाबाबत गावकऱ्यांचं चुकत होतं. मशीनमुळे सड्यावर काहीच फरक पडत नाही, हे आमच्या लोकांचं म्हणणंही तितकंच चुकीचं होतं. उन्हाळ्यात सड्यावर एक सरडा दिसतो, वीतभरही नाही. मार्चपासून पाऊस येईपर्यंत नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालची झालर पंख्यासारखी उघडतो, निळी, काळी आणि केशरी. मशीनच्या फाउंडेशनभोवती दगडांचा भराव टाकलेला असतो, तिथे तर हे असंख्य. आम्ही ग्रीसचे डबे उतरवतोय, शेजारी हा आपला दगडावर चढउतार करतोय, माणसाला दाद देत नाही. २०१६ साली या सरड्याला शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवलं, सरडा सुपर्बा असं नाव देऊन. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली माणसं सड्यावर येऊन सरडे पकडत, मोजत, सोडून देत. आमची पोरं त्यांची थट्टा करत. २०१८ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि म्हणून सरडे जास्त, शिवाय बेफिकीर. त्यांच्या रक्तातलं ताणाचं द्रव्यही कमी, कारण वरून झडप घालणारं कुणी उरलेलं नाही. आम्ही ज्याला धीट म्हणत होतो तो सरडा ससाणा नसल्यामुळे धीट झाला होता.

हे वाचून काही जण म्हणाले, म्हणजे पवनऊर्जाही वाईटच. मला तसं वाटत नाही. कोळशाच्या राखेखाली काय काय जातं हे कोराडी-चंद्रपूरकडच्या माणसांना विचारावं. पण डोंगरावर मशीन उभं करायचं म्हणजे ससाण्याच्या हद्दीत उभं करायचं, एवढं कळलेलं असावं. कुठल्या कड्यावर उभं करायचं नाही हे आधी ठरवता येतं. आमच्या सड्यावर ते कुणी ठरवलं नाही, कारण तेव्हा घाई वेगळ्याच गोष्टीची होती.

ती घाई मला बऱ्याच वर्षांनी समजली. एवढी मशीनं नेमकी सप्टेंबरच्या आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात का चालू होतात, रात्रीच्या रात्री क्रेन का चालते? सप्टेंबर संपताना तर वारा संपलेला असतो. उत्तर आयकराच्या कायद्यात होतं. पवनचक्की विकत घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी किमतीवर आधी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के घसारा मिळत असे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणून सप्टेंबरअखेर चालू झालं तर पूर्ण फायदा, मार्चअखेर झालं तर अर्धा. मालक कोण, तर कुणाचा धंदा औषधांचा, कुणाचा कापडाचा, कुणाचा बांधकामाचा. त्यातल्या कितीतरी जणांनी आपलं मशीन कधी डोळ्यांनी बघितलं नसेल. कर वाचवण्यासाठी घेतलेलं मशीन पुढे वीज किती देतं याची फिकीर मालकाला किती असणार? सगळे तसे नव्हते. काही मालक रोजचा आकडा विचारत, आणि त्यांची मशीनं चांगली राहत. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने युनिटामागे ५० पैसे देण्याची योजना आणली, तेव्हा फोन वाढले. एका साध्या गोष्टीने फरक पडला: पैसे उभारणीचे नाहीत, युनिटांचे.

२०१२ च्या एप्रिलमध्ये त्या सवलती काढल्या तेव्हा नवी उभारणी धाडकन खाली आली, मग पुन्हा आणाव्या लागल्या. २०१७ पासून लिलाव आले. फेब्रुवारीत पहिल्या लिलावात युनिटला ३ रुपये ४६ पैसे भाव निघाला आणि डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांवर उतरला. एका वर्षात! वर्तमानपत्रांनी पवनऊर्जा स्वस्त झाली म्हणून लिहिलं. झालीच होती. पण आमच्या राज्यातल्या जुन्या मशीनांचे करार १३ वर्षांचे, ते त्याच सुमाराला संपत होते. करार संपलेल्या मशीनची वीज आता कोण घेणार आणि काय भावाने, या काळजीत मालक दुरुस्तीचा खर्च कापायला लागले. ग्रीस कमी झालं, सुट्या भागांसाठी एका मशीनचे अवयव काढून दुसऱ्याला बसवणं सुरू झालं. ज्याचे अवयव काढले ते मशीन अजून उभं आहे.

आता वाऱ्याचा अंदाजही आगाऊ द्यावा लागतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात किती वीज देणार ते आधी सांगायचं. फार चुकलं तर दंड. चेन्नई-पुण्याच्या ऑफिसात कुणी तरी संगणकावर आमच्या सड्याचा वारा मांडत असतो. बऱ्याचदा बरोबरही येतो. जून-जुलैतला वारा तसा प्रामाणिक असतो, वळवाचा नाही.

पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोयनेचं पाणी दिसतं. ऑगस्टमध्ये धरण भरत आलेलं असतं आणि आमची मशीनंही तेव्हाच पूर्ण भाराने चालत असतात. राज्याला वीज सगळ्यात जास्त लागते ती मार्च ते मे, तेव्हा कोयनेत पाणी जपून वापरायचं असतं आणि आमच्याकडे वारा नसतो. दोघंही एकाच पावसाची लेकरं. म्हणून वारा एकट्याने काही सोडवत नाही. ढगाळ जुलैत सोलापूरकडचं सौरपॅनेल निम्मं झोपतं, तेव्हा वारा त्याची जागा घेतो. एप्रिलच्या उन्हात सौरपॅनेल वाऱ्याची जागा घेतं. एप्रिलच्या संध्याकाळी सात वाजता मात्र दोघंही नाहीत, आणि तेव्हा अजून कोळसाच. हे मी सांगितलं की पर्यावरणवाले नाराज होतात आणि कोळसावाले खूश. दोघांनीही व्हायचं कारण नाही. देशात वाऱ्याची क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली आहे, आणि त्यातलं प्रत्येक युनिट तेवढा कोळसा वाचवूनच येतं.

आमच्या हाताखाली शिकलेली पोरं आता गुजरातेत, कर्नाटकात, काही धाराशिव-बीडकडे आहेत. तिकडची मशीनं तीन मेगावॉटची, पात्यांच्या चक्राचा व्यास १४४ मीटर. आमच्या जुन्या मशीनचा व्यास ३३. क्षमता नऊपटीच्या आत-बाहेर, पण पाती वाऱ्यात जेवढं क्षेत्र व्यापतात ते जवळजवळ एकोणीसपट. म्हणजे मंद वाऱ्यातूनही ते मशीन वीज ओढून काढतं. एकाने परवा फोन केला होता, म्हणाला, ‘दादा, इकडे एप्रिलमध्येही चालतंय. आणि वर जायला लिफ्ट आहे.’ लिफ्टचं त्याला जास्त अप्रूप होतं, आणि ते बरोबरच आहे. माझ्या वयाच्या टेक्निशियनांचे गुडघे बघा.

मग आमच्या सड्यावर तसलीच का बसवत नाहीत? जुनी लहान मशीनं काढून मोठी बसवायचं सरकारी धोरण २०१६ पासून आहे. कागदावर फार सोपं: उत्तम वाऱ्याची जागा आहे, लाइन आहे, सबस्टेशन आहे. पण एका मनोऱ्याचा मालक एक, शेजारच्याचा दुसरा. मोठ्या मशीनला दोन मनोऱ्यांमध्ये जास्त अंतर लागतं, म्हणजे चार-पाच मालकांनी आपली मशीनं काढून एकत्र यायला हवं, आणि त्यातला एक तरी गेली दहा वर्षं फोन उचलत नाही. त्यांचं जमलं तरी घाट आहेच. सत्तर मीटरचं पातं एका तुकड्यात येतं. सज्जनगडाच्या बाजूच्या वळणांवर एसटीच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मागच्या वर्षी एक सर्व्हेवाला टेप घेऊन आला होता, वळणं मोजत. दोन दिवस मोजून गेला. त्याला मी विचारलं की एवढ्या वळणांचं काय करणार, तर म्हणाला, ‘तीन ठिकाणी डोंगर कापावा लागेल, आणि तिन्ही ठिकाणी जमीन वनखात्याची आहे.’ त्याचा रिपोर्ट कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. जुन्या मशीनांचं या वर्षीचं टॉर्किंग मात्र मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवायचं आहे, आणि ग्रीसची ऑर्डर अजून मंजूर झालेली नाही.